एपिस्कोपल मिशन चर्चमधलं पहिलं वर्ष

अमेरिकेतल्या बऱ्याच लहान गावांत हमरस्त्याला एक पाटी दिसते: 'एपिस्कोपल चर्च तुमचं स्वागत करतं.' बाणाच्या दिशेनं गेलात की बहुधा लाल दाराची एक बैठी इमारत लागते. आत पंचवीस-तीस माणसं. नगरच्या, नाशिकच्या किंवा पुण्याच्या भरलेल्या चर्चमधून आलेल्या माणसाला पहिल्या रविवारी वाटतं, हे चर्च बंद पडत चाललंय की काय. दुसऱ्या रविवारी कोणीतरी नावानं हाक मारतं. पाचव्या-सहाव्या रविवारी विचारणा होते, 'पुढच्या आठवड्यात जुन्या करारातला पाठ वाचाल का?' आणि वर्ष सरायच्या आत इमारतीची एक किल्ली तुमच्या हातात पडते. ती घेण्याआधी काय माहीत असावं, ते क्रमानं लिहिते.

आधी 'मिशन' या शब्दाचा अर्थ लावा

आपल्याकडे 'मिशन' म्हटलं की मिशन कंपाऊंड, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. एपिस्कोपल चर्चमध्ये हा शब्द कारभाराचा आहे. जी मंडळी, म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद मिळून, स्वतःच्या पैशावर उभी आहे, जिची व्हेस्ट्री म्हणजे कार्यकारिणी बिशपांशी विचारविनिमय करून आपला पाळक निवडते, ती पॅरिश. त्या पाळकाला रेक्टर म्हणतात. जी मंडळी अजून तितकी उभी राहिलेली नाही, किंवा कधी होती पण आता माणसं कमी झाली आहेत, ती मिशन. मिशनचे खरे पाळक बिशप. ते दर रविवारी येऊ शकत नाहीत, म्हणून आपल्या वतीनं कोणाला तरी नेमतात. त्या व्यक्तीला व्हिकर म्हणतात, काही ठिकाणी प्रीस्ट-इन-चार्ज.

'एपिस्कोपल' हे नावच ग्रीक 'एपिस्कोपोस' या शब्दावरून आलं आहे. देखरेख करणारा, असा त्याचा अर्थ. मराठी बायबलमध्ये त्या जागी 'अध्यक्ष' हा शब्द आहे. पॅरिशमध्ये ही देखरेख थोडी लांबून जाणवते, मिशनमध्ये ती घरात असते. इमारत आणि जमीन बऱ्याचदा धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालच्या सगळ्या चर्चेसच्या संघटनेच्या, नावावर असते, व्हिकरांच्या पगारात धर्मप्रांताचा वाटा असतो, आणि मोठ्या निर्णयांना बिशपांची संमती लागते.

म्हणून मिशनला अर्धवट राहिलेली पॅरिश समजू नका. १८३५ साली या चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनानं ठरवलं, की मिशनकार्य हे एखाद्या वेगळ्या संस्थेचं काम नसून चर्चच्या प्रत्येक सभासदाचं आहे. त्याच वर्षी जॅक्सन केंपर यांना पहिले मिशनरी बिशप म्हणून मिसूरी आणि इंडियानाकडे धाडलं गेलं. या चर्चच्या कायदेशीर नावात आजही 'देशी व परदेशी मिशनरी सोसायटी' हे शब्द आहेत. तुमचं पंचवीस माणसांचं चर्च त्याच वाटेवरचं आहे.

एक काम पहिल्याच महिन्यात करा. आपल्या धर्मप्रांताचे नियम, ज्यांना कॅनन्स म्हणतात, ते धर्मप्रांताच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यातलं मिशन चर्चवरचं प्रकरण वाचा. राष्ट्रीय पातळीचे कॅनन्स सगळ्यांना सारखेच लागू असतात, पण मिशनची घडण धर्मप्रांतागणिक बदलते. खाली मी 'बहुतेक ठिकाणी' असं जिथे म्हटलं आहे, तिथे स्वतःच्या धर्मप्रांताचा नियम पडताळून घ्या.

दाखला मागवून ठेवा

चर्च ऑफ नॉर्थ इंडियातून आलेल्यांसाठी ही पायरी सोपी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यांत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, चर्च होतं, म्हणून सीएनआय जागतिक अँग्लिकन परिवारातलं चर्च आहे. एपिस्कोपल चर्चही त्याच परिवारातलं. तुम्ही परक्या पंथात आलेला नाहीत, चुलत्याच्या घरी आला आहात. गावाकडच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचा, बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा, म्हणजे कन्फर्मेशनचा, दाखला मागवा. इंग्रजीत, सही-शिक्क्यासह. बाप्तिस्मा कुठल्याही पंथात झालेला असो, पाण्यानं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं झाला असेल तर तो पुन्हा होत नाही. दृढीकरणाचं काय करायचं, हे व्हिकर तुमची कागदपत्रं पाहून बिशपांशी बोलून सांगतील.

दाखला यायला वेळ लागला तरी प्रभुभोजनासाठी थांबू नका. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ते खुलं आहे. द्राक्षारस खरा असतो आणि प्याला एकच, सगळ्यांचा मिळून. तो नको असेल तर नुसती भाकर घ्या, तेवढ्यानंही प्रभुभोजन पूर्ण होतं. हात छातीवर आडवे धरले की पाळक फक्त आशीर्वाद देतात.

आणि पाळकांना हाक कशी मारायची, हे त्यांनाच विचारा. कोणी 'फादर' म्हणवून घेतात, स्त्री पाळकांना काही ठिकाणी 'मदर' म्हणतात, पुष्कळजण नुसत्या पहिल्या नावानं बोलावतात. आपल्याला 'पाळकसाहेब' म्हणायची सवय असते, त्यामुळे वडीलधाऱ्या माणसाला नावानं हाक मारताना जीभ अडखळते. मी वर्षभर 'फादर' म्हणत राहिले, कोणाला खटकलं नाही.

कोण काय ठरवतं, हे ऐकून समजून घ्या

मिशनच्या कार्यकारिणीला बहुतेक ठिकाणी बिशप्स कमिटी किंवा मिशन कमिटी म्हणतात. आपल्या पास्टोरेट कमिटीची आठवण होईल, पण एक फरक मोठा आहे. पॅरिशची व्हेस्ट्री मंडळीच्या वतीनं कारभार पाहते, ही कमिटी बिशपांना मदत म्हणून काम करते. तिच्यात दोन वॉर्डन असतात. एक नेमलेला, त्याला बिशप्स वॉर्डन म्हणतात. दुसरा मंडळीनं निवडलेला, तो पीपल्स वॉर्डन. पाळक नसताना चर्चला कोण सांभाळतं, तर हे दोघं. शिवाय खजिनदार आणि इतिवृत्त लिहिणारा क्लार्क.

सभा महिन्यातून एकदा होते, सहसा रविवारच्या उपासनेनंतर. पहिले तीन महिने नुसते जाऊन बसा. कमिटीच्या हातात काय असतं आणि काय नसतं, ते तिथे बसल्यावरच कळतं. गळणारं छप्पर, इमारतीचा विमा, अंदाजपत्रक, संध्याकाळी तळघरात भरणारा व्यसनमुक्तीचा गट, शिधावाटपाचं कपाट, हे कमिटीचं. उपासना कशी व्हायची, कोणती गीतं म्हणायची, हा अधिकार पाळकांचा. जमीन विकणं किंवा गहाण टाकणं तर बिशप आणि धर्मप्रांताच्या स्थायी समितीच्या लेखी संमतीशिवाय होतच नाही. १९७९ पासून राष्ट्रीय कॅननमध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की प्रत्येक मंडळीची मालमत्ता ही संपूर्ण चर्च आणि धर्मप्रांत यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे.

कमिटीत यायचं असो की लहान मुलांना शिकवायचं असो, त्याआधी सुरक्षित चर्चचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलं आणि दुर्बल माणसं यांचं शोषण होऊ नये म्हणून हे आहे. ऑनलाइन असतं, काही तास लागतात. त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. हे टाळू नका आणि 'आपण सगळे ओळखीचेच आहोत' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. लहान चर्चमध्ये सगळे ओळखीचे असतात, नेमकी म्हणूनच नियमाची गरज असते.

भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत असं धरा

एक उपासनेचं. ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान. दुसरं हिशेबाचं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. मोठ्या चर्चमध्ये दोन्ही कॅलेंडरांना वेगवेगळी माणसं असतात. मिशनमध्ये तीच आठ-दहा माणसं दोन्हीकडे राबतात. वेदीवरचं कापड इस्त्री करणारी बाईच अंदाजपत्रकाचा तक्ता करते. म्हणून वर्षातले दोन काळ अंगावर येतात: डिसेंबर-जानेवारी, आणि मग लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ.

उपासनेच्या कॅलेंडरचं गणित सोपं आहे. पाठांचं चक्र तीन वर्षांचं. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मधूनमधून. सनाला ३ नं भागा. बाकी १ उरली तर मत्तयाचं वर्ष, २ उरली तर मार्काचं, काही उरलं नाही तर लूकचं. २०२६ ला बाकी १ उरते. फक्त हे लक्षात ठेवा, की नवं वर्ष आदल्या आगमनकाळातच लागलेलं असतं. रंगही शिकून घ्या: आगमनकाळी जांभळा किंवा निळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, लेंटमध्ये जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, आणि त्यानंतरचे लांबलचक महिने हिरवा.

आगमनकाळात चार मेणबत्त्यांचं वर्तुळ लागतं, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. हे दिवस वाट पाहण्याचे. त्यामुळे बाजारात महिनाभर नाताळची गाणी वाजत असली तरी चर्चमध्ये ती २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत येत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर लागला की घरोघरी गाणी म्हणत फिरतात, म्हणून हे शांत आठवडे सुरुवातीला सुने वाटतील. मला आता तेच वर्षातले सगळ्यांत प्रिय आहेत.

जानेवारी: वार्षिक सभा

मिशनच्या कारभारातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस. बहुतेक ठिकाणी जानेवारीत, उपासनेनंतर, सगळ्यांनी आणलेल्या जेवणासोबत ही सभा होते. कमिटीची निवड, धर्मप्रांताच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, सरत्या वर्षाचे अहवाल, नवं अंदाजपत्रक.

मत कोणाला? राष्ट्रीय कॅननप्रमाणे ज्यानं सरत्या वर्षात किमान तीन वेळा प्रभुभोजन घेतलं तो कम्युनिकंट, आणि १६ वर्षं पूर्ण झाली की प्रौढ कम्युनिकंट. त्यापुढे 'गुड स्टँडिंग' अशी एक अट येते: उपासनेला नियमानं येणं, आणि देवाच्या राज्यासाठी काम, प्रार्थना व दान करणं. किती दान, ते कुठेही लिहिलेलं नाही. मतदानाची नेमकी अट धर्मप्रांताचे नियम सांगतात. जानेवारीत मत द्यायचं असेल तर आपलं नाव नोंदवहीत चढलं आहे ना, हे डिसेंबरातच विचारा.

अंदाजपत्रकाचा कागद हातात आला की तीन ओळी आधी शोधा. पहिली, व्हिकरांचा पगार, आरोग्यविमा आणि पेन्शन. पाळकांच्या पेन्शनसाठी पगार-घरभाड्याच्या १८ टक्के रक्कम चर्चला भरावी लागते. म्हणूनच लहान मिशनला पूर्णवेळ पाळक परवडत नाही, आणि तुमचे व्हिकर आठवडाभर दुसरी नोकरी करत असतील किंवा दोन-तीन चर्च सांभाळत असतील. त्यांना मंगळवारी दुपारी फोन लागला नाही तर रागावू नका. दुसरी ओळ, धर्मप्रांताला द्यायचा वाटा. तिसरी, धर्मप्रांताकडून येणारं अनुदान. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं घ्यायचं, हे नव्या माणसाला विचित्र वाटतं. पण घेणाऱ्या मंडळीनंही आपला वाटा टाकायचा, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे हंगामाच्या सणाला कोणी पोतंभर धान्य आणतं, कोणी दोन अंडी, आणि दोन्ही वेदीपाशीच ठेवतात. त्यातली ही रीत.

नोंदवही आणि १ मार्च

दर उपासनेनंतर एका जाड वहीत चार गोष्टी लिहायच्या असतात: तारीख, कोणती उपासना, कोणी चालवली, किती माणसं होती. ही सेवानोंदवही. बाप्तिस्मे, दृढीकरणं, लग्नं आणि दफनविधी यांची वही वेगळी, ती कायमची जपायची. या दोन्ही वह्यांवरून, आणि खजिनदाराच्या हिशेबावरून, दरवर्षी एक अहवाल भरून १ मार्चपर्यंत बिशपांकडे पाठवावा लागतो. त्याला परोकियल रिपोर्ट म्हणतात. देशभरातली प्रत्येक मंडळी तो भरते. सभासद किती, रविवारची सरासरी उपस्थिती किती, जमा किती, खर्च किती.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे सलग काही रविवार नोंदच झाली नाही. पाहुणे पाळक आले, गेले, वही कपाटातच राहिली. फेब्रुवारीत अहवाल भरताना आम्ही चौघं त्या रविवारी कोण कुठे बसलं होतं ते आठवत बसलो. तेव्हा कळलं, की डोकी मोजणं म्हणजे कारकुनी नव्हे. त्या दिवशी देवाच्या घरी कोण आलं होतं, याची ती साक्ष आहे, आणि पन्नास वर्षांनी कोणाला आजीच्या बाप्तिस्म्याची तारीख हवी असली तर तीच वही उघडावी लागते. नव्या माणसानं घ्यावं असं पहिलं काम मी हेच सांगेन: दर रविवारी मोजा, लिहा, सही घ्या.

पैसे मोजायला बसलात तर

अर्पण कधीही एकट्यानं मोजायचं नाही. दोन माणसं, एकमेकांच्या नात्यातली नसलेली. नवरा-बायको दोघंच चालत नाहीत. चर्चमध्येच मोजायचं, कागदावर दोघांनी सही करायची, आणि मोजणाऱ्यानं हिशेबाची वही लिहायची नाही. पाकिटावर नाव किंवा क्रमांक असेल तर रक्कम त्या नावावर जमा होते, आणि जानेवारीत प्रत्येकाला वर्षभराच्या दानाचं पत्र मिळतं. करविवरणात दान दाखवायचं असेल आणि एखादं दान २५० डॉलर किंवा जास्त असेल, तर असं लेखी पत्र लागतंच.

महिन्यातल्या एका रविवारचं, कशासाठी म्हणून न दिलेलं अर्पण व्हिकरांच्या विवेकनिधीत जातं. हा गरिबांसाठीचा निधी. कोणाचं विजेचं बिल भरलं, कोणाला औषधं घेऊन दिली, हे व्हिकर सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. पण खातं चर्चचंच असतं आणि त्याचीही तपासणी होते. सगळ्या हिशेबांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा अहवाल १ सप्टेंबरच्या आत बिशपांकडे जावा, असा राष्ट्रीय नियम आहे. लहान मंडळीला सनदी लेखापाल परवडत नसेल तर धर्मप्रांताच्या मान्यतेनं तपासणी समितीकडून ती करून घेता येते. हिशेब समजणाऱ्या माणसाला इथे फार मान आहे. बँकेत किंवा लेखाविभागात काम केलं असेल तर लाजू नका, सांगा.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत

हे चाळीस दिवस आणि त्यांतला शेवटचा आठवडा म्हणजे मिशनची खरी परीक्षा. आदल्या मंगळवारी संध्याकाळी पॅनकेकचं जेवण असतं. बुधवारी कपाळावर लावायची राख कुठून येते? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून. त्या झावळ्या वर्षभर कोणी ना कोणी जपून ठेवलेल्या असतात. राख कालवायची वेळ तुमच्यावर आली तर तिच्यात पाणी घालू नका, पाण्यानं ती तीव्र होते आणि कपाळाची आग होते. तेलाचा एखादा थेंब पुरतो, तोही लागलाच तर.

नव्या झावळ्यांची मागणी लेंट लागायच्या आतच नोंदवा. पवित्र आठवड्यात गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो: कोमट पाणी, दोन तांबे, भरपूर पंचे. त्याच रात्री वेदीवरचं सगळं काढून घेतात, कापडं, मेणबत्त्या, क्रूस. दिवे मंदावतात आणि माणसं न बोलता घरी जातात. पहिल्या वर्षी या रात्री वेदी उघडी करणाऱ्यांत मी होते. शेवटचं कापड घडी घालून हातात घेतलं तेव्हा एकदम आईच्या आजारपणातली खोली आठवली. शुभ शुक्रवारी त्या उघड्या वेदीसमोरच उपासना होते.

शनिवारी अंधार पडल्यावर पुनरुत्थानाचं जागरण. अंगणात नवा अग्नी पेटतो, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्यामागून सगळे अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात. आगीसाठी लोखंडी भांडं, शेजारी पाण्याची बादली, आणि गावात परवानगी लागत असेल तर अग्निशमन दलाला आधी फोन. ही उपासना लांब असते, पाठ पुष्कळ असतात, म्हणून वाचणारे कमी पडतात. तुमचं नाव यादीत असणारच. पाठ घरी तीनदा मोठ्यानं वाचून या. उच्चाराची भीती बाळगू नका. निर्गम आणि यहेज्केल यांतली नावं इथल्या लोकांनाही जड जातात.

वेदीची सेवा करणाऱ्या गटाला ऑल्टर गिल्ड म्हणतात. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून घ्या. प्याला पुसलेली कापडं थेट यंत्रात टाकायची नाहीत. आधी पाण्यात खळबळायची आणि ते पाणी गटारात न सोडता मातीत ओतायचं. पुष्कळ चर्चमध्ये यासाठी वेगळं बेसिन असतं, त्यातलं पाणी सरळ जमिनीत उतरतं.

यातच ५ एप्रिल येतो. एपिस्कोपल चर्चच्या स्मरणदिनांत या तारखेला पंडिता रमाबाईंचं नाव आहे. पवित्र आठवडा किंवा ईस्टर त्यावर आला तर तो मागे पडतो, पण इतर वर्षी आठवड्याच्या मधल्या उपासनेत त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायची तयारी दाखवा. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन तुम्ही पाहिलेलं असेल तर त्या खोलीत तुमच्याइतकं सांगण्यासारखं कोणाकडेच नसेल.

पेंटेकॉस्टला मराठी बायबल घेऊन जा

ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, अनेक भाषांत एकाच वेळी वाचायची पद्धत बऱ्याच चर्चमध्ये आहे. लहान मिशनमध्ये इंग्रजीशिवाय स्पॅनिश आणि शाळेत शिकलेली थोडी जर्मन एवढंच मिळतं. तुमची मराठी तिथे शोभेची वस्तू म्हणून नाही, त्या पाठातच तिची जागा आहे. जो तो आपापल्या भाषेत ऐकत होता, असंच तर तिथे लिहिलं आहे.

पाळक नसलेला रविवार

उन्हाळ्यात माणसं सुटीवर जातात, व्हिकरही जातात. कधी पाहुणे पाळक मिळतात. त्यांचं मानधन धर्मप्रांत ठरवतो, प्रवासखर्च वेगळा. कधी कोणीच मिळत नाही. तेव्हा चर्च बंद ठेवायचं नाही. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातली सकाळची प्रार्थना कोणीही सामान्य सभासद चालवू शकतो. नियमित चालवायची असेल तर बिशपांकडून वर्शिप लीडरचा परवाना घ्यावा लागतो. स्वतः उपदेश करायचा तर त्याचा परवाना वेगळा, आणि आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेण्याचाही वेगळा.

पहिल्यांदा चालवत असाल तर एक बारीक गोष्ट विसरू नका. पापक्षमेच्या वाक्यात पाळक 'तुम्हांला क्षमा करो' म्हणतात. आपण गुडघ्यांवरच राहायचं आणि 'आम्हांला' म्हणायचं. प्रार्थनापुस्तकातली ही सूचना अगदी बारीक अक्षरांत आहे, पण सगळा फरक तिथेच आहे. आपण मंडळीतलेच एक म्हणून उभे असतो.

बिशप येतात तो दिवस

बिशपांनी प्रत्येक मंडळीला तीन वर्षांतून किमान एकदा भेट द्यावी, असा नियम आहे. दृढीकरण फक्त बिशपच करतात, त्यामुळे तुमचं किंवा मुलांचं व्हायचं असेल तर ते याच दिवशी. ते येऊन नोंदवह्याही तपासतात. कमिटीशी स्वतंत्र बोलतात. तिथे तक्रार किंवा अडचण असेल तर नीट, आदरानं, पण उघड बोला. मिशनमध्ये बिशप हेच पाळक आहेत, आपल्या पाळकाशी बोलायला संकोच कसला. त्यांच्या जेवणासाठी काही करणार असाल तर पोहे करा, तिखट बेतानं. शेंगदाणे मात्र घालू नका, किंवा घातलेत तर चिठ्ठी लावा. इथे पुष्कळांना त्याची अ‍ॅलर्जी असते.

शरद ऋतू: संकल्प आणि अधिवेशन

४ ऑक्टोबरच्या सुमारास संत फ्रान्सिसच्या नावानं कुत्री, मांजरं, कधी एखादं घोडं आशीर्वादासाठी येतं. त्याच महिन्यात घरी एक कार्ड येतं: पुढच्या वर्षी आठवड्याला किंवा महिन्याला किती द्याल, त्याचा संकल्प. ही कायदेशीर बांधिलकी नसते, परिस्थिती बदलली तर खजिनदाराला सांगून आकडा बदलता येतो. पण याच कार्डांच्या बेरजेवर पुढचं अंदाजपत्रक बसतं. दहा डॉलर असले तरी कार्ड भरून द्या. आकडा न लिहिता मोठं दान देणाऱ्यापेक्षा, लिहून थोडं देणारा माणूस खजिनदाराच्या जास्त उपयोगी पडतो.

धर्मप्रांताचं अधिवेशन वर्षातून एकदा, पुष्कळ ठिकाणी याच दिवसांत. मिशनचे प्रतिनिधीही तिथे बसतात. नवे बिशप निवडायचे असले तर याच सभेत, पाळकांची मतं वेगळी आणि सामान्य सभासदांची वेगळी मोजून, दोन्हीकडे बहुमत लागतं. त्याच्या वर, दर तीन वर्षांनी, देशपातळीवरचं सर्वसाधारण अधिवेशन. १७८५ पासून ते भरतं आहे, आणि तिथेही बिशपांचं एक सभागृह, दुसरं पाळक व सभासदांचं. तुम्हाला प्रतिनिधी म्हणून जायला सांगितलं तर नाही म्हणू नका.

१ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. गावाकडे कोणी गेलं असेल तर ते नाव आधी लिहून द्या, उच्चार कसा करायचा तेही लिहा. आमच्याकडे वाचणाऱ्यानं माझ्या आत्याचं नाव आदल्या दिवशी फोनवर माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं होतं.

मग ख्रिस्तराजाचा रविवार, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जांभळी किंवा निळी कापडं. याच सुमारास किल्ली मिळते. ती देणारी व्यक्ती बहुधा सांगायला विसरते, म्हणून लिहून ठेवते: हीटर उपासनेच्या दीड तास आधी लावा. वेदीजवळचा लहान दिवा जळत असेल तर तो विझवू नका, आत प्रभुभोजनाची भाकर ठेवलेली असते. तळघरातल्या गटाला त्यांची वेगळी किल्ली आहे, पण मागचं दार कधीकधी उघडं राहतं, ते ओढून पाहा. आणि निघण्याआधी वहीत आजचा आकडा लिहा.